गिरगावातली चाळ: सही आत्ता करावी की भाव चढेपर्यंत थांबावे?

प्रश्न विचारणाऱ्यांनी दिलेली माहिती थोडक्यात अशी. ठाकूरद्वारच्या बाजूला तीन मजली चाळ, १९४० च्या आधीची, म्हणजे 'अ' वर्गातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी) इमारत. प्लॉट साडेपाचशे चौरस मीटरच्या आसपास, ४६ खोल्या, रस्त्याच्या अंगाला पाच दुकाने. यांची खोली १८० फुटांची, पागडीची (एकरकमी पागडी देऊन कायम भाड्याने घेतलेली), आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेली. एक बिल्डर प्रत्येकी ४०५ फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) द्यायला तयार आहे आणि संमतीपत्रावर सह्या गोळा करतो आहे. वडील म्हणतात, मेट्रो आली, गिरगाव आता पुन्हा मुंबईच्या मध्यात येणार, पाच वर्षे दम धरला तर ६०० फूट मिळतील. भाऊ म्हणतो, कशाला वाट बघायची, पागडी विकून डोंबिवलीला दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. यांचा प्रश्न एवढाच, की दोघांत बरोबर कोण?

मी आर्किटेक्ट आहे. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या भाडेकरू संघांसाठी पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) म्हणून बरीच वर्षे काम करतो आहे, त्यामुळे हा वाद मला जवळजवळ प्रत्येक चाळीत ऐकायला मिळतो. तुमचे कागद पाहिल्याशिवाय ठाम सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल. मालक किती, त्यांच्यात वाद आहेत का, प्लॉटवर रस्तारुंदीचे आरक्षण किती, चौपाटीकडून सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) रेषा कुठून जाते, भुयारी मेट्रोच्या जवळ असल्यामुळे खोदकामाला त्यांची ना-हरकत लागेल का, या गोष्टींवर पुष्कळ अवलंबून आहे. पण वडिलांच्या आणि भावाच्या म्हणण्यात एक समजूत सारखीच आहे. भाव वाढला की भाडेकरूला जास्त मिळते, असे दोघांनीही धरून चालले आहे. तिथूनच सुरुवात करू.

आधी ४०५ हा आकडा कुठून आला ते पाहा. विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधल्या ३३(७) प्रमाणे उपकरप्राप्त इमारतीतल्या निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट द्यावेच लागते, मग त्याची खोली १०० फुटांची असो वा १८० ची. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा, चटई क्षेत्र पुनर्वसनाला, म्हणजे भाडेकरूंच्या घरांना, अधिमूल्य (पालिकेचे शुल्क) न भरता मिळते. ३०० चे ३५ टक्के १०५. बेरीज ४०५. म्हणजे बिल्डरने तुम्हाला दिलेली 'ऑफर' ही नियमातली तळाची पायरी आहे. त्यात त्याची उदारता शून्य आहे, आणि फसवणूकही नाही. गिरगावात, भुलेश्वरात, लालबागेत हाच आकडा ऐकू येतो तो यामुळेच.

आता ६०० चे बघू. आकडे मोघम आहेत, दुकाने बाजूला ठेवली आहेत, पण दिशा कळेल. ४६ खोल्या गुणिले ३०० म्हणजे १३,८०० फूट कार्पेट. भिंती, जिने, पॅसेज धरून बांधीव क्षेत्र साधारण वीस टक्के जास्त, म्हणजे साडेसोळा हजार. एकट्या प्लॉटवर बिल्डरला पुनर्वसन क्षेत्राच्या ५० टक्के प्रोत्साहनपर चटई क्षेत्र मिळते, म्हणजे सव्वाआठ हजार. त्यावर तो पैसे भरून फंजिबल घेईल, की झाले अकरा हजारांच्या थोडे वर. त्याला विकायला मिळणारे एवढेच. तुमच्या प्लॉटवर सरसकट ३ चटई क्षेत्र निर्देशांक (म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम) धरला तरी तो या बेरजेपेक्षा कमी भरतो, म्हणून तुम्हाला हाच हिशेब लागू होणार. भाडेकरू मोजकेच असलेल्या चाळींचे गणित वेगळे होते. तिथे ३ चा निर्देशांक कामी येतो आणि वरचे क्षेत्र म्हाडाबरोबर (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाबरोबर) वाटून घ्यावे लागते.

वडिलांना ४०५ च्या जागी ६०० हवेत, म्हणजे खोलीमागे १९५ फूट जादा. ४६ खोल्यांचे झाले ८,९७० फूट कार्पेट, बांधीव क्षेत्रात पावणेअकरा हजारांच्या आसपास. अकरा हजार एकशेमधून ते वजा करा. बिल्डरच्या हाती उरतात जेमतेम चारशे फूट. तेवढे विकून त्याने ४६ घरे बांधायची, साडेतीन-चार वर्षांचे भाडे भरायचे, मालकाचा मोबदला द्यायचा, पालिकेची नि म्हाडाची अधिमूल्ये भरायची. गिरगावचा भाव आजच्या तिप्पट झाला तरी हे बसत नाही, कारण तुटवडा पैशाचा नसून फुटांचा आहे. ते भावाने वाढत नाहीत, प्लॉट आणि नियम यांनी वाढतात.

याच हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात घ्या. बिल्डर विकतो एक फूट आणि बांधतो तीन: दोन तुमचे, एक त्याचा. विक्रीच्या एका फुटाने तीन फुटांचे बांधकाम आणि वरचा सगळा खर्च उचलायचा असतो. परिसरातला भाव फार कमी असला की ही योजना कोणी हातातच घेत नाही, आणि चाळ टेकूंवर उभी राहते. भाव एका पातळीच्या वर गेला की दाराशी बिल्डरांची रांग लागते. म्हणजे शहराच्या मध्याची भरभराट तुमच्या उपयोगाची आहेच, फक्त ती खोली मोठी होण्यासाठी नाही, योजना सुरू होऊन पूर्ण होण्यासाठी आहे. ठाकूरद्वारचा भाव माझ्या अंदाजाने ती पातळी कधीच ओलांडून गेला आहे. पुढची वाढ झाली तर ती मुख्यत्वे मालक आणि बिल्डर यांच्यातल्या देवघेवीत जिरेल. आज मालकाला जे देऊन बिल्डर हक्क घेतो आहे, त्यापेक्षा पाच वर्षांनी जास्त द्यावे लागेल. तुमचे ४०५ त्या घासाघिशीत जागच्या जागी राहतील.

आता गिरगाव 'डाउनटाउन' होणार का, याबद्दल. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरगाव आणि काळबादेवी अशी दोन स्थानके मिळाली, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) एका गाडीत आले. घराच्या मागणीवर याचा परिणाम होणार, यात मला शंका नाही. पण ऑफिसे गिरगावात येतील असे मला वाटत नाही. मुंबईचा धंदा ज्या ज्या ठिकाणी सरकला ते आठवा. फोर्टातून नरिमन पॉइंटला गेला तो समुद्रात भराव टाकून काढलेल्या जमिनीवर, १९७० च्या दशकात. बीकेसीला गेला तो दलदलीच्या जमिनीवर. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तिथे १९७७ पासून विशेष नियोजन प्राधिकरण आहे. लोअर परळला गेला तो गिरण्यांच्या आवारात. या तिन्ही ठिकाणी मोठमोठे सलग तुकडे होते आणि निर्णय घेणारा एकच होता. कंपन्यांना एका मजल्यावर हजारो फूट लागतात, खाली गाड्यांना जागा लागते. साडेपाचशे मीटरच्या प्लॉटवर, त्यातही दोन-तृतीयांश जागा भाडेकरूंना द्यायची असताना, तसला मजला निघत नाही. गिरगावात टॉवर येतील ते घरांचेच.

आणि केंद्र एकदा आले की कायमचे राहते असेही नाही. ऑपेरा हाउसच्या पंचरत्नचा आणि आसपासच्या इमारतींचा दबदबा तुमच्या वडिलांनी पाहिला असेल. हिऱ्यांचा सगळा व्यापार तिथे, रस्त्यावर उभ्या-उभ्या सौदे व्हायचे. २०१० मध्ये बीकेसीत भारत डायमंड बोर्स सुरू झाला आणि मोठे व्यापारी एकेक करून तिकडे गेले. त्या गर्दीवर चालणारे चहावाले, खानावळी, आंगडिये (हिरे-रोकड पोहोचवणारे), झेरॉक्सवाले यांना त्याची झळ लागली. गिरगावच्या कडेलाच हे घडले. 'पाच वर्षांनी इथे सोन्याचा भाव येईल' असे कोणी खात्रीने सांगितले, की मी ऑपेरा हाउसचे नाव काढतो.

लोअर परळचा धडा तर याहून जवळचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमावलीतला नियम ५८ असे सांगत होता, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर साधारण एक-तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक-तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. शेड उभी असलेली जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयात तो निर्णय अडकला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. त्यानंतर टॉवर किती झपाट्याने आले ते सगळ्यांनी पाहिले. पण गिरणीच्या भिंतीपलीकडच्या चाळींचे काय झाले? भाव शेजारीच अनेक पटींनी चढला, तरी कित्येक चाळी तशाच उभ्या राहिल्या, कारण त्यांचे प्लॉट लहान, भाडेकरू पुष्कळ आणि मालकांची भांडणे कोर्टात. शेजारच्या प्लॉटचा भाव भिंत ओलांडून आपोआप आत येत नाही. सुविधांचेही तेच. ऑफिसे भरत गेली, स्टेशनचा पूल मात्र तेवढाच अरुंद राहिला, आणि २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडला चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. प्रभादेवी नाव त्या स्टेशनाला नंतर मिळाले.

आता थांबण्याची किंमत. वडिलांच्या हिशेबात ती धरलेलीच नाही. चाळ ऐंशी-नव्वद वर्षांची आहे. लोखंडी तुळई असेल तर तिच्या पोटाला गंज, लाकडी असेल तर भिंतीत शिरलेल्या टोकांना वाळवी. ही टोके बाहेरून दिसत नाहीत, आणि इमारत बहुधा तिथूनच जाते. संडासाच्या आणि मोरीच्या बाजूचा कोपरा आधी बसतो, कारण तिथे ओल कायमची. तुमच्या गॅलरीत जा आणि कठड्याच्या खालच्या कडेला हात लावून बघा, तिथे फुगवटा किंवा सुटलेला गिलावा असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या इंजिनियरला बोलवा, सही-बिहीचे नंतर पाहू. ऑगस्ट २०१७ मध्ये पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली, जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई पडली. दोन्हीकडे माणसे झोपेत किंवा घरच्या कामात असतानाच गाडली गेली. पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, तीत नाव आले की वाटाघाटीची ताकद संपते. रातोरात खोली सोडून संक्रमण शिबिरात जायचे, मग ते मिळेल त्या उपनगरात, आणि परत कधी येणार ते कोणी लिहून देत नाही. म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आले आहे. त्यात धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, आणि तरी काही झाले नाही तर म्हाडा स्वतः, असा क्रम आहे. कल्पना चांगली आहे. पण त्या नोटिसांवरून कोर्टात वाद झाले आहेत, त्यामुळे 'म्हाडा आहेच की' म्हणून तिच्या भरवशावर बसू नका.

मग आत्ताच सही करायची का? तसेही मी म्हणत नाही. नियमाप्रमाणे ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते, आणि ती संमती अपरिवर्तनीय असते. एकदा दिली की 'विचार बदलला' म्हणता येत नाही. बिल्डरला ५१ टक्के मिळाल्यावर उरलेल्यांचा आवाज फार बारीक होतो, कारण म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली अडून बसणाऱ्यांना खोली रिकामी करायला लावता येते. तेव्हा तुमच्या चाळीची खरी ताकद पहिल्या सह्यांच्या आधीच आहे, आणि ती फुटांवर खर्च करू नका. ४०५ चे ४२५-४३० मागायला हरकत नाही. २५ फूट जादा दिले तरी बिल्डरच्या विक्रीतला साधारण आठवा हिस्सा जातो, म्हणजे तेवढ्यावरही तो कुरकुरेल, पण देऊ शकेल. बाकी सगळा जोर सुरक्षिततेवर लावा.

सुरक्षितता म्हणजे काय, तर करारातली एक-दोन वाक्ये. मागच्या वर्षी मी एका चाळीसाठी कराराचा मसुदा वाचत होतो. त्यात लिहिले होते, की विकासक '२४ महिने अधिक ६ महिने सवलत' एवढ्या काळाचे पर्यायी भाडे देईल. तिसाव्या महिन्यानंतर काय, याबद्दल अक्षर नव्हते. इमारत चार वर्षांत झाली असती, तर भाडेकरूंनी दीड वर्ष स्वतःच्या खिशातून भाडे भरले असते, आणि करारभंग झाला असेही कोणी म्हणू शकले नसते. तिथे मी एवढेच घालायला लावले, की भाडे भोगवटा प्रमाणपत्र मिळून किल्ली हातात येईपर्यंत चालू राहील, दरवर्षी ठरलेल्या टक्क्याने वाढेल, आणि पुढच्या अकरा महिन्यांचे चेक नेहमी आगाऊ समितीकडे असतील. बिल्डरचा वकील ज्या ओळीवर सर्वात जास्त वेळ भांडतो, ती ओळ तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाची समजा.

खोली सोडण्याचा क्रमही तसाच. म्हाडाची ना-हरकत, पालिकेची आयओडी (आराखड्याची सशर्त मंजुरी), प्रत्येक भाडेकरूचा स्वतंत्र नोंदणीकृत करार, बँक गॅरंटी आणि आगाऊ भाडे, एवढे सगळे झाल्यावरच कुलूप लावायचे. चाळ पाडल्याशिवाय सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) मिळत नाही, हे बिल्डर सांगेल आणि ते खरे आहे. म्हणून तर गॅरंटी आधी हवी. चाळ पडल्यानंतर तुमच्या हातात उरतो तो फक्त कागद. लालबागेतली एक योजना मला रोज दिसते. पुनर्वसनाची इमारत पाचव्या मजल्यावर थांबली आहे, सळ्या गंजून तांबड्या झाल्या आहेत, आणि भाडेकरू नायगाव ते नालासोपारा विखुरले आहेत. त्यांना कबूल केलेले क्षेत्र तुमच्यापेक्षा बरेच मोठे होते.

बिल्डर कोण हे बघायला वकील लागत नाही. महारेरा या घरबांधणी नियामकाच्या संकेतस्थळावर त्याच्या आधीच्या प्रकल्पांची पूर्णत्वाची मूळ तारीख काय होती आणि किती वेळा पुढे ढकलली, हे दिसते. एक संध्याकाळ काढून ते पाहा. मात्र रेराचे संरक्षण मुख्यतः विक्रीच्या घरांच्या खरेदीदारांना आहे. पुनर्वसनातल्या भाडेकरूने 'रेरा आहे ना' म्हणून निर्धास्त राहू नये. त्याचा आधार म्हणजे त्याचा करार आणि म्हाडाच्या ना-हरकतीतल्या अटी. आणखी एक विचारा: याने सत्तर मीटरच्या वरची इमारत पूर्ण करून भोगवटा घेतला आहे का? तुमच्या प्लॉटवर पार्किंगचे मजले धरून इमारत उंचच जाणार. सात मजले बांधणारा माणूस वीस मजले बांधू शकतोच असे नाही, त्याचे पैशाचे गणितही वेगळे असते.

त्या उंचीचा खर्च पुढे तुमच्याच माथी येतो, हेही आत्ताच बोलून घ्या. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, आणि अलीकडे ती यांत्रिक पार्किंगची भानगड. ज्यांच्याकडे सायकलही नाही अशा पुनर्वसनातल्या रहिवाशांकडूनही पार्किंगच्या देखभालीचे पैसे घेतलेले मी पाहिले आहेत. विक्रीच्या आणि पुनर्वसनाच्या भागांचे मीटर वेगळे, पार्किंगचा खर्च ज्यांच्या गाड्या त्यांचा, आणि कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी ठेव) इतका की त्याच्या व्याजातून देखभालीचा मोठा भाग निघेल, एवढे लिहून घ्या. भाव चढलेल्या भागात जास्तीचे मागायचेच असेल तर ते कॉर्पसमध्ये मागा. फुटांना मर्यादा आहे, पैशात मात्र वाढत्या भावाचा थोडा वाटा खरोखर मिळू शकतो. आणि पालिकेने ५०० फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ केला आहे, तेव्हा वडिलांचे ६०० फूट मिळाले असते तर करही आला असता, हे त्यांना चहाच्या वेळी सांगून बघा.

थोडी जास्त जागा खरोखर हवीच असेल, तर तिचा रस्ता शेजारून जातो. दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर प्रोत्साहनपर क्षेत्र ५० ऐवजी ६० टक्के होते, सहा किंवा जास्त आले तर ७०. तुमच्या एका चाळीपुरते पाहिले तर ६० टक्क्यांनी फंजिबल धरून सव्वादोन हजार फुटांच्या आसपास वाढतात. त्यातला अर्धा वाटा भाडेकरूंना मिळाला तर खोलीमागे वीसेक फूट. ऐकायला कमी वाटेल, पण खरा फायदा दुसरा आहे. एक जिना, एक लिफ्टचा गाभा, अग्निशमन दलाची गाडी फिरेल एवढी जागा, दोन इमारतींमधली अंधारी फट नाहीशी होणे. एकट्या अरुंद प्लॉटवर जी इमारत उभी राहते तिच्या मागच्या घरांना आयुष्यभर दिवसा दिवे लावावे लागतात. ४,००० चौरस मीटर जमले तर ३३(९) खाली समूह विकास होतो आणि क्षेत्रही वाढते, पण त्यासाठी आठ-दहा मालक आणि तीन-चारशे कुटुंबे एका सुरात यावी लागतात. भेंडी बाजारात ते झाले कारण मागे एक ट्रस्ट आणि एक समाज उभा होता, आणि तरी काम २००९ पासून चालले आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत ५०० फूट मिळाले, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्याही दिल्या, म्हणून ते उदाहरण सगळे देतात. पण तिथे जमीन सरकारी, प्लॉट विस्तीर्ण आणि नियमही वेगळा. ती तुलना तुमच्या चाळीला लावू नका. शेजारच्या दोन चाळींशी बोलणे मात्र शक्य कोटीतले आहे, आणि त्यासाठी वर्षभर थांबावे लागले तर तेवढे थांबणे मी मान्य करीन.

भावाच्या पर्यायाला मी नाक मुरडत नाही. आई-वडिलांना तीन जिने होत नसतील, रात्री सामायिक संडासात जावे लागत असेल आणि तुमची नोकरी ठाण्याकडे असेल, तर डोंबिवलीत शहाणपण आहे. पण किंमत नीट काढा. आज तुम्ही विकणार ती खोली नाही, भाडेकरूचा हक्क. हस्तांतरात मालक प्रथेप्रमाणे सुमारे तिसरा हिस्सा घेतो, खरेदीदार योजनेची जोखीम म्हणून भाव पाडतो, आणि हातात आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर येतो. तो घर घेऊन किती वाचतो ते सी.ए.ला विचारा. याउलट योजना पूर्ण झाली की तुम्ही भाडेकरू न राहता घराचे मालक बनता. घर सोसायटीत तुमच्या नावावर, बँक त्यावर कर्ज देते. १८० चे ४०५ झाल्यापेक्षा हा बदल पैशात मोठा असतो, आणि तिघांच्याही बोलण्यात तो कुठे आला नाही. माझा कल विचाराल तर: कुटुंबाला चार-पाच वर्षे भाड्याच्या घरात काढणे जमत असेल तर पागडी विकू नये.

विकायचे असो वा नसो, म्हाडाच्या प्रमाणित यादीत तुमची खोली कोणाच्या नावावर आणि किती क्षेत्राची आहे, हे आधी बघून घ्या. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेल्या भाडेकरारांना ३३(७) मध्ये स्वतंत्र घर मिळत नाही. आजोबांच्या खोलीचे नंतर पार्टिशन टाकून दोन भाग झाले असतील आणि दोघा भावांच्या मनात दोन घरे असतील, तर ते स्वप्न यादी पाहिल्यावरच धरा किंवा सोडा. खोली वडिलांच्या नावावर आली तरी भाडेपावती अजून आजोबांच्याच नावाने निघत असेल तर ती आत्ताच बदलून घ्या, संमतीच्या गडबडीत मालक त्याचेही पैसे मागतो.

राहता राहिली ती पाच दुकाने. त्यांच्याबद्दल तुम्ही एका ओळीपलीकडे काही लिहिलेले नाही, आणि माझ्या अनुभवात ४६ खोल्यांपेक्षा ही पाच दुकानेच योजना अडवतात किंवा तारतात. रस्तारुंदीत पुढचा भाग गेला की नवे दुकान मागे सरकते. रस्त्यावरचा दर्शनी भाग विक्रीच्या इमारतीच्या लॉबीला हवा असतो, म्हणून बिल्डर जुन्या दुकानदारांना बाजूच्या बोळात ढकलू पाहतो. बोळातले दुकान म्हणजे अर्धा धंदा गेला, तेव्हा तो माणूस कोर्टात जाणारच, आणि त्याच्या एका मनाई हुकमाने तुमचे भाडे, तुमची इमारत सगळे लटकते. बिल्डरने त्यांना काय दाखवले आहे तो तळमजल्याचा नकाशा मागून घ्या. पाचही दुकाने रस्त्याच्या अंगाला, पूर्वीइतक्याच रुंदीची दिसत असतील तर चर्चा पुढे न्या. नसतील, तर पुढची सभा त्यांच्यापैकीच एकाच्या दुकानात लावा.